तीन महिन्यांचं पथ्य

"काम काय करता?" डॉक्टरीणबाईंनी कागदावरची नजर न काढता विचारलं.

"शेती," उदयसिंह म्हणाला.

"शेतीत काय?"

"द्राक्षबाग हाय. तासगावाकडं."

"फवारणी कोण करतं?"

उदानं शेजारी बसलेल्या क्रांतीकडं पाहिलं. ती टेबलाच्या काचेखालच्या एका गुबगुबीत पोराच्या चित्राकडं बघत होती.

"मीच," तो म्हणाला. "बारा-तेरा वरसं झाली."

बाईंनी पेन खाली ठेवलं. उदा-क्रांतीचा हा चौथा दवाखाना, सांगलीतला. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि आजवर तपासलं होतं ते फक्त क्रांतीला. मिरजेत तिच्या नळ्या तपासल्या, कराडला दुर्बीण घालून बघितलं, एका वैद्यानं सहा महिने काढे पाजले. प्रत्येक वेळी उदा मोटारसायकल सावलीला लावून बाहेर थांबला. तुझ्यात काय आहे का, असं त्याला कुणी विचारलं नव्हतं आणि त्यानंही कुणाला विचारलं नव्हतं. परवा पहिल्यांदा या बाईंनी त्याच्या हातात प्लॅस्टिकची एक डबी दिली होती.

"एका मिलीलीटरमध्ये दीड कोटीच्या वर शुक्रजंतू लागतात," बाई म्हणाल्या. "तुमचे बारा लाख आहेत."

बारा लाख हा आकडा उदाला मोठा वाटला. "मग हायत की," तो म्हणाला.

"त्यातले हलणारे शंभरात सात. बऱ्याच जणांचा आकार बरोबर नाही. आपोआप दिवस राहणं अवघड आहे." बाईंचा आवाज औषधाच्या पुड्या समजावून सांगावा तसा सरळ होता. "फवारणीमुळंच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही. मुळातच असेल, तंबाखूनं असेल. मावा खाता?"

"व्हय."

"बंद करायचा. औषधं मारणंही बंद. हे शरीरात तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात. आज तपासलं ते उन्हाळ्यात तयार झालेलं. आजपासून तीन महिने पथ्य पाळलंत, तर नोव्हेंबरात जरा बरं मिळेल. तेव्हा क्रांतीची बीजं काढू, आणि बाहेर काचेत एकेका बीजात तुमचा एकेक जंतू सोडू. फार नकोत आम्हाला. पण असतील ते जिवंत पाहिजेत."

उदानं मनात मोजलं. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. सप्टेंबराच्या शेवटाला छाटणी. छाटणीनंतर पुढं दीड महिना बागेत दिवसाआड औषध. वर्षातले नेमके तेच दिवस.

"जमेल ना?"

"जमल," तो म्हणाला.

येताना माधवनगर आलं. रेल्वे फाटक लागलं, गाडी थांबली, तेव्हा मागून क्रांती म्हणाली, "थोरल्या भावजींना सांगून टाका."

"काय सांगू?"

"हाय ते."

"बघू."

घरी आई, साळूबाई, उंबऱ्यातच बसली होती. "काय म्हणाली गं डागदरीण?"

उदा गाडी स्टँडवर लावत होता. क्रांतीनं चपला काढल्या, पदर सारखा केला आणि म्हणाली, "माझंच हाय, आत्याबाई. इंजेक्शनं घ्यावी लागतील म्हणल्या."

"मी म्हणतच हुते," साळूबाई म्हणाली आणि सुपातल्या मटकीतले खडे वेचायला लागली.

उदानं ते ऐकलं. आता बोललं पाहिजे हे त्याला कळत होतं. पण कळणं आणि तोंड उघडणं यांच्यामध्ये जे काही असतं ते त्याच्यात त्या क्षणी नव्हतं. त्यानं गाडीवरची धूळ फडक्यानं पुसली. सीट पुसली, टाकी पुसली, मग आरसाही पुसला.

*

घरात कारभार थोरल्याचा, बाळासोचा. पंचेचाळीस वर्षांचा गडी, मोजकं बोलणारा, दोन मुलगे सांगलीत शिकायला. बाप गेल्यावर त्यानंच बाग उभी केली होती. घराजवळ दोन एकर वरची आणि ओढ्याकाठाला एक एकर खालची. औषध मारणं उदाकडं होतं. कुठल्या दिवसाला काय मारायचं हे त्याला वहीत बघावं लागत नसे. फवारणीचा ब्लोअर ट्रॅक्टरमागं जोडून तो निम्मं वर्ष औषधाच्या धुक्यातच असायचा. मोरचुदाचं बोर्डो मारलं की हात निळे पडायचे आणि त्याच हातानं तो भाकरी खायचा.

"दादा, मणक्यात चमक निघतीया," त्यानं सांगितलं. "डागदर म्हणालाय, तीन म्हयने ट्रॅक्टरवर बसायचं न्हाई."

"आत्ताच निघायची हुती व्हय?" बाळासो म्हणाला. पण त्यानं जतकडचा बिराप्पा नावाचा एक गडी औषधाला लावला.

उदानं मावा सोडला. पहिले आठ दिवस तोंड कोरडं पडलं, मग तेही सवयीचं झालं. छाटणीला त्यानं कात्री चालवली, काडीवरच्या डोळ्यांना फुटव्याची पेस्ट लावली, तारा ओढल्या. ब्लोअर सुरू झाला की बांधाच्या पार पलीकडं जाऊन उभा राहायचा. बिराप्पा हसायचा. "काय ओ धाकलं मालक, वास सोसंना का?" उदा बांधावरचं गवत उपटत राहायचा. शिवारातली माणसं बघत होती. तरणाताठा गडी औषधाला भिऊन लांब उभा राहतो, ही बोलायला चांगली गोष्ट होती.

असे सव्वादोन महिने गेले. पथ्य मोडलं नव्हतं. क्रांती कॅलेंडरवर पेन्सिलीनं बारीक रेघ मारायची. घरात कुणी विचारलं तर गॅसची टाकी कधी लावली ते लिहितेय म्हणायची.

*

मग पाऊस आला. परतीचा पाऊस जायला हवा तेव्हा गेला नाही आणि ऑक्टोबराच्या मधल्या आठवड्यात जो बसला तो उठेना. दिवसभर भुरभुर, संध्याकाळी सर, सकाळी धुकं. बाग ऐन कोवळी. हाताएवढ्या काड्या, त्यावर हिरवे घड, घडांना अजून फूलही नाही. तिसऱ्या दिवशी बाळासोनं खालच्या बागेतलं एक पान उलटं केलं. पानाच्या पाठीला पीठ सांडावं तशी पांढरी बुरशी होती.

"दावण्या," तो म्हणाला.

दावण्या आला की घड दोन दिवसांत तपकिरी होतो आणि बोट लावलं की गळून पडतो. नेमकं त्याच सकाळी बिराप्पाचा फोन आला. तिकडं त्याचं मक्याचं रान आडवं झालं होतं, तो येणार नव्हता.

बाळासो परड्यात आला. उदा गोठ्यातलं शेण भरत होता.

"वरच्या बागंत मी ब्लोअर घालतो," बाळासो म्हणाला. "खालच्या बागंत ट्रॅक्टर जाईना, चाक रुततंय. औषधाची गन घिऊन पायी मारायला पायजे. मी दोन्हीकडं कसा पुरू?"

उदा फावड्यावर हात ठेवून उभा राहिला.

"मणका मणका काय करतूस? आज न्हाई मारलं तर परवा मारायला काय ऱ्हाणार न्हाई. पाठीला पट्टा बांध. पन चल."

क्रांती गोठ्याच्या दारात उभी होती. तिच्या हातात दुधाची किटली होती. तिनं उदाकडं पाहिलं. सांगा, असं ती म्हणाली नाही, पण तिच्या बघण्यात तेवढंच होतं. उदानं तोंड उघडलं. समोर थोरला भाऊ, गुडघाभर चिखलात माखलेला, तीन दिवस न झोपलेला. आणि शब्द जे म्हणायचे होते ते असे, की दादा, माझ्यात जंतू कमी हायत.

"येतो," उदा म्हणाला.

क्रांती किटली घेऊन आत गेली.

खालच्या बागेत पाईप ओढताना पाय नडगीपर्यंत जात होता. मांडवाखाली वाकून, गन वर धरून, पानाच्या पाठीला औषध लागलं पाहिजे म्हणून तोंड वर करून मारायचं. वर मारलेलं थेंब थेंब अंगावर परत येतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की कधी वेळ आलीच, तर हातमोजे, मास्क, अंगभर पोशाख घाला. पोशाख दुकानात मिळत होता. पण तो घातला असता तर बाळासोनं विचारलं असतं, आज काय नवीन? उदानं तोंडाला रुमाल बांधला. दहा मिनिटांत रुमाल ओला झाला आणि त्याची चव कडू लागायला लागली.

त्या दिवशी दोनदा मारलं. दुसऱ्या दिवशी दोनदा. पाऊस उघडायचा, पुन्हा यायचा, मारलेलं धुऊन जायचं, पुन्हा मारायचं. एकोणीस दिवस. वसुबारसेला मारलं, पाडव्याच्या सकाळीही मारलं. अंगाला एवढा वास की म्हैस त्याला जवळ येऊ देईना. फवारणीच्या तिसऱ्याच दिवशी त्यानं कॅलेंडर पाहिलं होतं. रेघा थांबल्या होत्या.

बाग वाचली. खालच्या एकरातले चार आणे घड गेले, बाकी टिकले. आजूबाजूच्या तीन बागा पार जळाल्या होत्या. लोक येऊन बघून जायचे आणि म्हणायचे, "उदानं राखली बाग." बाळासोनं चारचौघांत त्याच्या पाठीवर हात ठेवला. मणक्याचा विषय त्यानं परत काढला नाही.

*

पाडवा झाला आणि क्रांतीची इंजेक्शनं सुरू झाली. ती फ्रीजमध्ये अंड्यांच्या कप्प्यात ठेवलेली असत. रोज सकाळी ती साडीची निरी थोडी खाली सारायची, पोटाची चिमूट धरायची आणि स्वतःच टोचून घ्यायची. बेंबीच्या दोन्ही बाजूंना निळे-काळे डाग पडले. तिला मळमळायचं, पोट फुगायचं, तशीच ती डिपिंगला जायची, घड एकेक करून औषधाच्या मगात बुडवायची.

साळूबाई शेजारणीला सांगायची, "लय सोसती बाई पोरगी. पन दोषच तिच्यात, काय करायचं?"

सुई क्रांतीला टोचत होती म्हणून आजार क्रांतीचा, एवढा साधा हिशेब होता. तो चुकीचा आहे हे घरात दोघांना माहीत होतं.

बीजं काढायच्या दिवशी दोघं पहाटेच निघाली. तिला हिरवा गाऊन घालून आत नेलं. उदाच्या हातात डबी दिली, वर त्याचं पूर्ण नाव चिकटवलेलं. जिन्याखालची खोली. एक खुर्ची, एक नळ, कडी नीट न लागणारं दार. बाहेर बाकावर माणसं बसलेली होती आणि आत कोण कशाला गेलाय हे सगळ्यांना ठाऊक होतं.

अर्धा तास झाला, पाऊण झाला. अंग त्याचं नसल्यासारखं होतं. रस्त्यावर रिक्षा थांबत होत्या, निघत होत्या. कुणीतरी दार वाजवलं. "उदयसिंह? झालं का? वर लॅबवाले थांबलेत." तो "हां" म्हणाला. पुन्हा वाजवलं. वर टेबलावर क्रांती झोपवलेली असेल, हे त्याच्या डोळ्यांपुढं आलं. मग कसंतरी झालं. डबीत तळालाही पुरतं नव्हतं. बाहेर आला तेव्हा बाकावरच्या माणसांनी एकदम मोबाइलात डोळे घातले.

दुपारी बाईंनी दोघांना बोलावलं. क्रांती अजून गुंगीत होती, भिंतीला टेकून बसली होती.

"नऊ बीजं मिळाली, छान आहेत," बाई म्हणाल्या. "पण तुमचा रिपोर्ट ऑगस्टपेक्षा वाईट आहे. बारा लाखांचे दोन लाख झालेत. दोन तास शोधून हलणारे सात सापडले. औषधं मारणं बंद ठेवलं होतं ना?"

खोलीत पंखा फिरत होता.

"व्हय," उदा म्हणाला.

क्रांतीनं डोळे उघडून त्याच्याकडं पाहिलं आणि परत मिटले.

सात बीजांत सात सोडले. त्यातली दोन वाढली. तिसऱ्या दिवशी ती दोन्ही क्रांतीच्या पोटात ठेवली आणि चौदा दिवस थांबायला सांगितलं. घरी आल्यावर क्रांती त्याच्याशी कामापुरतं बोलत होती. पाणी तापलंय. डबा भरलाय. तो उत्तर देत होता. दोघांच्या बोलण्यात कुणाला काही वेगळं दिसलं नसतं.

बाराव्या दिवशी बागेत विरळणी चालली होती. बायका ओळीत उभ्या राहून घडातले जादा मणी कात्रीनं काढत होत्या. क्रांतीनं कात्री तारेला अडकवली आणि घराकडं गेली. दुपारी उदा जेवायला आला तर ती सोप्याबाहेरच्या पायरीवर बाजूला बसली होती, शेजारी वेगळा तांब्या. घरातल्या चालीनं कुणालाच काही सांगावं लागलं नाही. साळूबाईनं बघितलं, बाळासोच्या बायकोनं बघितलं. चौदावा दिवस उजाडायची गरज राहिली नाही.

*

त्या संध्याकाळी जेवायला बसल्यावर साळूबाई बोलली.

"पुरं करा आता. त्या पोरीच्या पोटाची चाळण झाली. तिच्यात न्हाईच ते, तर कुठनं येणार? तिला दे म्हायेराला लावून, काय द्यायचं ते देऊया. तू अजून चाळिशीचा बी न्हाईस, उदा. पलीकडं अथणीकडं पोरी मिळत्यात, बाळासोच्या वळकीचा माणूस हाय."

बाळासो ताटात बघत राहिला. म्हणजे त्याच्याशी बोलून झालं होतं.

क्रांती बाहेर पायरीवर होती. दार उघडंच होतं. तिच्या ताटात चमचा वाजत होता तो थांबला.

उदानं भाताचा घास कालवला, तो तोंडाकडं नेला नाही. आपण आता बोलणार आहोत हेही त्याला आधी कळलं नाही.

"तिच्यात काय न्हाई," तो म्हणाला. "माझ्यात हाय."

"काय?"

"दोष. माझ्यात हाय. श्रावणातच कळलंय. तिचं सगळं चांगलं हाय."

साळूबाईनं हात झटकला. "बायकुचं पाप अंगावर घ्यायला लागलास व्हय रं? आपल्या घराण्यात असलं कुणाला हुतं? तुझ्या बाला पाच झाली."

"आय, कागद हाय."

"कागदाला काय कळतंय!"

"आण बघू," बाळासो म्हणाला.

उदानं उष्ट्या हातानंच कपाटातून फाईल आणली. बाळासोनं चष्मा लावला. पहिला कागद वाचला, दुसरा वाचला, मग दोन्ही शेजारी शेजारी धरले. तारखा बघितल्या. आकडे बघितले. बारकी अक्षरं त्याला समजत नव्हती, पण एका कागदावर बारा होतं आणि दुसऱ्यावर दोन होतं, हे समजत होतं.

"श्रावणात कळलं म्हणालास?"

"व्हय."

"मणक्याचं म्हणाला हुतास ते हेच?"

"व्हय."

"म्हंजे मी परड्यात आलो, औषध मारायला चल म्हणालो, तवा तुला ठावं हुतं."

"व्हय."

"आन तरी आलास."

उदानं हातावरचा सुकलेला भात खरवडला. बाळासोनं कागद घडी करून फाईलमध्ये ठेवले. ताटात निम्मी भाकरी तशीच होती. तो उठला, हात धुतला आणि परड्यात जाऊन म्हशींना वैरण टाकायला लागला. वैरण मघाशीच टाकून झाली होती.

साळूबाईनं चुलीतली लाकडं मागं ओढली. मग ती एवढंच म्हणाली, "खोटं असंल ते." पण आवाजात जोर नव्हता.

*

सकाळी सहाला ब्लोअर सुरू झाल्याचा आवाज आला. भुरी रोगाचं औषध मारायचं होतं, ते उदा मारणार होता. तो घाईघाईनं टाकीपाशी गेला. बाळासो ट्रॅक्टरवर बसला होता.

"दादा, मी—"

"टाकीपशी यायचं न्हाई."

"दोन्हीकडं कसा पुरशील?"

"पुरीन. माझी दोन झाल्यात." बाळासोनं त्याच्याकडं न बघता गिअर टाकला. "सर बाजूला. वाऱ्याच्या त्या अंगाला जा."

उदा सरला. ट्रॅक्टर वरच्या बागेत शिरला आणि मागं पांढरं धुकं उठलं. तो थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग खालच्या बागेत गेला.

विरळणीच्या बायका आल्या होत्या, क्रांतीही होती. बागेत विटाळ पाळत नसत. माणसं मिळत नसताना तो परवडत नव्हता. उदानं पाटीतली एक कात्री घेतली आणि तिच्याच वेलीला पलीकडून उभा राहिला. लांबच्या ओळीतल्या एकीनं विचारलं, "आज बायकांच्यात व्हय, भावजी?" दुसरीनं तिला कोपरानं ढोसलं. दोघी परत घडाकडं वळल्या. बाळासोची बायको सकाळी पाण्याला गेली होती, तेवढ्यात कालची बातमी जायची तिथवर गेलेली दिसत होती.

घडाच्या दोन बाजूंनी दोघांच्या कात्र्या चालल्या होत्या.

"काल सांगितलंत," क्रांती म्हणाली.

"व्हय."

"ऑक्टोबरात सांगायचं हुतं. गोठ्यात."

"व्हय."

कापलेले मणी टपटप खाली पडत होते. उदा म्हणाला, "आता दादा औषधाला लावणार न्हाई. अजून तीन म्हयने पथ्य करतो. खरंच करतो. मग परत बघू."

"सुया मला टोचायच्यात," क्रांती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "मी ठरवीन. तुमी पथ्य करा न्हाईतर करू नका."

ती पुढच्या वेलीला गेली. उदा मागं राहिला आणि आधी त्या वेलीचे राहिलेले घड पुरे केले.

नऊच्या सुमाराला ओढ्याच्या बाजूनं साळूबाई येताना दिसली. गुडघ्यांमुळं ती दोन वर्षांत या बागेत आली नव्हती. हातात फडक्यात बांधलेली भाकरी होती. ती बांधावर दमून बसली, श्वास घेतला आणि हाक मारली, "क्रांते, ये. खाऊन घे."

क्रांती जाऊन चार हात लांब उभी राहिली.

"लांब का? हितं बस."

"आत्याबाई, दुसरा दिवस हाय."

"ठावं हाय मला."

साळूबाईनं भाकरी मोडली, तिच्यावर वांग्याची भाजी घातली आणि तो तुकडा तिच्या हातात हातानंच दिला. बोटाला बोट लागलं. ओळीतल्या बायकांच्या कात्र्या थांबल्या.

"चार म्हयने माझ्याशी खोटं बोललीस," साळूबाई म्हणाली.

"व्हय."

"आन मी गावभर तुझ्याच नावानं..." तिनं पुढचं गिळलं. "मिरचीचा ठेचा बी हाय. घे."

क्रांती खायला लागली. खाली मान घालून, भराभर, कालपासून पोटात काही नसल्यासारखी. साळूबाई दुसरा तुकडा मोडून धरून बसली होती.

वेलींमधून उदाला ते दिसत होतं. भाकरीचा वास तिथपर्यंत येत होता. त्याला एकदम कडकडून भूक लागली आणि कितीतरी दिवसांत आपल्याला अशी भूक लागली नव्हती हे त्याच्या ध्यानात आलं. बांधावरून त्याला कुणी हाक मारली नाही. त्यानं पुढचा घड हातात घेतला आणि मणी कापायला लागला.